आमच्या शिवारांतील रानमांजर

लिंक्स नांवाच्या रानटी मांजराचें चित्र पाहून पुष्कळांस कुतूहल वाटतें. कानांच्या टोकांवर काळ्या केसांचे झुपके व आंखूड शेंपूट असलेला हा प्राणी आपल्या देशांत लडाखच्या थंड डोंगरांत राहतो. आम्हां सावनेरकरांस तो कोठून दिसणार? परंतु त्याचा एक धाकटा आप्त आमच्या कपाशीच्या व संत्र्यांच्या शिवारांतच नांदतो. तो म्हणजे रानमांजर. जुन्या इंग्रजी ग्रंथांत यासच 'दलदलींतला लिंक्स' असेंही म्हटलेलें आढळतें.

घरच्या मांजराहून हें अंगानें मोठें व पायांनीं उंच असतें. रंग वाळलेल्या गवतासारखा, अंगावर ठिपके नाहींत, शेंपटाचें टोंक काळें आणि कानांवर काळ्या केसांचा लहानसा झुपका, ही त्याची ओळख. दाट अरण्यापेक्षां नदीकांठचें गवत, बांधावरील झुडपें व उभीं पिकें यांत तें अधिक रमतें. कोलार नदीकडे फिरावयास गेलों असतां आम्हीं तें दोन-तीन वेळां पाहिलें. एकदां तें बांधाजवळ दगडासारखें निश्चळ बसलें होतें. हालत होते ते केवळ कान. एकाएकीं उंच उडी घेऊन तें गवतांत पडलें आणि तोंडांत उंदीर धरून दिसेनासें झालें.

उंदीर हेंच त्याचें मुख्य अन्न. राजस्थानांतील सरिस्का येथें झालेल्या अभ्यासाप्रमाणें एक रानमांजर दिवसाला तीन ते पांच उंदीर खातें. म्हणजे वर्षाला हजाराहून अधिक! क्वचित् तें कोंबडीही नेतें, हें खरें. परंतु वांचलेल्या धान्याचा हिशेब कोण मांडतो?

पीक काढतांना कधीं कधीं त्याचीं पिलें सांपडतात. अंगावरील पट्ट्यांमुळें लोक त्यांस बिबट्याचीं समजून भितात, किंवा कौतुकानें घरीं आणतात. वस्तुतः आई त्यांस टाकून गेलेली नसते; ती शिकारीस गेलेली असते. आमच्या एका विद्यार्थ्याच्या शेतांत अशीं दोन पिलें निघालीं, तेव्हां त्याच्या वडिलांनीं तेवढ्या तासांचें काम थांबविलें व मजुरांस दूर नेलें. सकाळीं पाहतात तों जागा रिकामी! रात्रींतून आईनें पिलें हालविलीं होतीं.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या प्राण्यास मारणें अथवा पकडणें हा गुन्हा आहे. तथापि कायद्याच्या भयापेक्षां त्या शेतकऱ्याचा विवेक आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. विद्यार्थीमित्रहो, परमेश्वरानें हें शिवार एकट्या मनुष्याकरितां निर्मिलेलें नाहीं. पिलें दिसलीं तर हात न लावतां मागें फिरा. त्यांची आई जवळच कोठें तरी तुमच्या जाण्याची वाट पाहत असेल.