मिसिंग मारता मरे!

अमेरिकेतल्या मोटारशौकिनांना एक विद्या येते. गाडी जागेवर उभी, इंजिन नुसतं चालू, आणि हे लोक कान देऊन सांगतात की आत कसला कॅमशाफ्ट बसवलाय. कॅम शर्यतीचा असेल तर आवाज अडखळत येतो. दोन-चार ठोके जोरात, मग एक पडलेला, परत उसळी.. सगळी गाडी थरथरते आणि शौकीन खूश! आपल्या गोव्यातल्या गॅरेजवाल्याला हाच आवाज ऐकवा. तो पाना हातात घेऊन म्हणेल, "मिसिंग मारता मरे ही!"

माझा इंजिनाशी संबंध खरं तर पेट्रोल भरण्यापुरता. शिक्षण बी.ए., नोकरी सरकारी खात्यात कारकुनाची. पण भाच्याने मोबाइलवर जुन्या शेवरले कॅमॅरोचा आवाज ऐकवला आणि म्हणाला, "मामा, आईच्या गाडयेक असलो कॅम घालतलों." ताई रोज त्याच गाडीने फोंड्याहून पणजीला कामावर येते. तेव्हा विषय समजून घेणं भागच होतं.

कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दांडा. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा याची एक. हे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. म्हणजे दार कधी उघडायचं, किती आणि किती वेळ, हे तेच ठरवतात. जळका वायू बाहेर जाणं संपत असतं आणि ताजं मिश्रण आत येऊ लागतं, तेव्हा क्षणभर दोन्ही दारं उघडी असतात. साध्या कॅममध्ये हा क्षण छोटा, शर्यतीच्या कॅममध्ये मोठा.

इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्या घेत असताना हा मोठा क्षण वरदान ठरतो. वेगाने बाहेर पडणारा वायू ताज्या मिश्रणाला मागून ओढून घेतो आणि ताकद वाढते. पण सातशे-आठशे फेऱ्यांवर त्या वायूत जोर नसतो. जळका वायू उलटा आत शिरतो, ताज्यात भेसळ होते. एका खेपेला पेट नीट घेत नाही, पुढच्या खेपेला जोरात घेतो. हेच ते अडखळणं. म्हणजे आपला गॅरेजवाला फारसा चुकत नाही. हे मिसिंगच, फक्त जाणूनबुजून पत्करलेलं!

१९६७ साली आलेली कॅमॅरो झेड/२८ पाच लिटरपर्यंतच्या इंजिनांच्या शर्यतीसाठीच बनवली होती. कंपनीने तिची ताकद २९० अश्वशक्ती सांगितली, तीही ५८०० फेऱ्यांवर. तिचं जागेवरचं गुरगुरणं ही त्या वरच्या ताकदीची किंमत होती.

ताईच्या गाडीला मात्र पाच हजार फेऱ्या कुठे मिळणार? म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात गेली तर पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. अशा ठिकाणी मोठा कॅम खालची ओढ कमी करतो, गाडी बंद पडू नये म्हणून जागेवरच्या फेऱ्या वाढवाव्या लागतात, पेट्रोल जास्त जातं. सगळ्यात वाईट म्हणजे इंजिनातली हवेची ओढ घटते. पेट्रोल गाडीच्या ब्रेकचा बूस्टर बहुधा याच ओढीवर चालतो. ती फार कमी झाली तर गर्दीत पुन्हा पुन्हा ब्रेक दाबताना पेडल कडक लागतं. आवाजाच्या हौसेपायी ताईचा ब्रेक पणाला लावायचा?

"मागीर नुसतो आवाज तरी?" भाचा म्हणाला. त्याचीही सोय आता झाली आहे. काही नव्या गाड्यांत संगणकाची मांडणी बदलून, कॅम न बदलता, जागेवर तसंच अडखळवता येतं. शौकीन त्याला 'घोस्ट कॅम' म्हणतात. भुताचा कॅम! ताकद काडीची वाढत नाही, चांगलं चालणारं इंजिन मुद्दाम लंगडतं.

मला ते काही पटलं नाही. तो आवाज मोठा वाटतो, कारण त्याच्यामागे शर्यतीसाठी काहीतरी सोडलेलं असतं. भाच्याला मी एवढंच सांगितलं, "गाडी खंय धांवतली तें पयलीं थारय. कॅम त्या प्रमाणे." तो अजून विचार करतोय. ताईची गाडी तोवर सिग्नलला इतकी गप्प उभी राहते, की इंजिन चालू आहे की बंद, ते काट्याकडे बघून कळतं. तिच्या कामाला हाच आवाज शोभतो.