तव्यावरचा कांदा

आहाराचा घटक मी गेली बरीच वर्षं शिकवते आहे. कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, फळ्यावर तक्ता, शेवटी स्वाध्याय. पण या घटकातली एक गोष्ट मला शाळेत नाही, माझ्या थोरल्या भावाच्या हॉटेलात शिकायला मिळाली, आणि तीही माझ्याच एका विद्यार्थिनीकडून.

दादाचं हॉटेल मुंबई-गोवा महामार्गाला लागून आहे. हॉटेल म्हणजे बारा टेबलं. सकाळी घावणे-चटणी, मिसळ, दुपारी शाकाहारी आणि मासळीची थाळी. मे महिन्यात गर्दी असते, तेव्हा मी गल्ल्यावर बसते. स्वयंपाकघर वहिनी आणि मास्तर सांभाळतात.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एक कुटुंब गाडीतून उतरलं. त्यातली मुलगी धावत आली आणि पाया पडली. सातवीत माझ्या वर्गात होती, आता पुण्यात नोकरी करते. घावणे मागवताना ती हळूच म्हणाली, "बाई, मी व्हीगन झालेय. दूध, तूप, दही काहीच खात नाही. तव्याला तूप-बटर लावतात का हो?"

मी आत न जाता, कोणाला न विचारता म्हटलं, "छे गं! घावण्याला तेलच लागतं. तू बिनधास्त खा."

आमच्याकडे घावण्याच्या तव्याला तेल लावायची पद्धत तुम्हाला माहीत असेलच. अर्धा कांदा काट्याला टोचायचा, तेलाच्या वाटीत बुडवायचा आणि तव्यावर फिरवायचा. मी लहानपणापासून तेच पाहिलंय, म्हणून माझी खात्री. तिने एक घास घेतला, दुसरा घेतला आणि ताटली थोडी बाजूला सरकवली. वडील चिडले, "झालं हिचं सुरू!" ती काही बोलली नाही, नुसता चहा घेतला, तोही बिनदुधाचा. निघताना गल्ल्यापाशी आली आणि म्हणाली, "बाई, त्याला बटरचा वास होता. तुम्हीच वर्गात सांगायचात ना, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा."

रागाने म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण ती हसत म्हणाली.

गाडी गेल्यावर मी आत गेले. कांदा तोच होता, वाटीही तीच. पण सकाळी पाव भाजताना मास्तर त्याच वाटीत बटरचा गोळा टाकायचे. तेल आणि बटर एकत्र केलं की बटर लवकर करपत नाही, हा त्यांचा अनुभव. ते खोटं बोलले नव्हते, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. खोटं मी बोलले होते.

दादा म्हणाला, "एवढंसं बटर, मरत नाही कोणी." मला आमची आजी आठवली. मटणाचा टोप ती मागच्या पडवीत वेगळा ठेवायची, आणि उपवासाच्या खिचडीत रोजची पळी घातली तर सगळी खिचडी आम्हा मुलांना वाढून स्वतः केळी खायची. आजीला तेव्हा कोणी 'एवढंसं' म्हणालं नव्हतं. आमच्याकडे आलेली जैन मंडळी कांदा-लसणाच्या पळीबद्दल विचारतात, तेव्हा दादा स्वतः उठून आत सांगून येतो. मग याच मुलीचं म्हणणं आम्हाला नखरा का वाटावं? नवीन शब्दात आलं म्हणून?

शब्द तसा फार जुना नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी 'व्हेजिटेरियन' शब्दाची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जोडून तो बनवला. आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहार सांगतो, त्यात दूध-तूप चालतं. म्हणून हिरवा ठिपका पाहून व्हीगन माणसाला काहीच कळत नाही. त्यासाठी आता अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं वेगळं चिन्ह आहे, व्हीगन पदार्थांचे नियमही २०२२ मध्ये आले. पण ते झालं पाकिटाचं. हॉटेलातल्या तव्यावर कोण चिन्ह लावणार?

त्या आठवड्यात मी आणि वहिनी दुपारी गर्दी ओसरली की स्वयंपाकघर 'वाचायला' बसायचो. गंमत म्हणजे आमचे निम्मे पदार्थ मुळातच व्हीगन निघाले. तांदळाची भाकरी, तेलाच्या फोडणीचं पिठलं, काळ्या वाटाण्याची उसळ, वांग्याचं भरीत (दही न घालता), नारळाच्या दुधाची सोलकढी. पदार्थात काही खोट नव्हती, अडचण होती ती सगळी भांड्यांत.

मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग काढून पाहिली तर आत लस्सीचं दही सुकून बसलेलं. लाकडी कालथ्याच्या भेगेत तुपकटपणा. बिडाचा तवा तर फडक्याने पुसायची पद्धत, घासला की घावणे चिकटतात म्हणून. पण कोरड्या फडक्याने पुसलं की तूप जात नाही, ते सगळीकडे पसरतं. शिवाय तेच फडकं पुढच्या भांड्याला. साबण, घासणी आणि वाहतं पाणी, याला दुसरा उपाय नाही. तळणीच्या कढईचं काय करायचं, यावर आमचं भांडण झालं. एकाच तेलात बटाटेवडे, पनीर पकोडे आणि संध्याकाळी सुरमई. शेवटी ठरलं की तळलेलं काहीही व्हीगन म्हणून द्यायचं नाही. विचारलं तर सरळ नाही म्हणायचं.

एक लहान कढई, एक तवा, एक पळी आणि एक उलथनं आम्ही वेगळं काढलं. दांड्याला लाल दोरा बांधला आणि भिंतीवर वेगळ्या खिळ्याला टांगलं. सकाळी बटरचा डबा उघडायच्या आधी उसळ आणि पिठलं करून झाकून ठेवायचं, हे वहिनीचं डोकं. मास्तर कुरकुरले. "बाई, एक वाजता वीस ऑर्डरी असतात, तेव्हा दोरा बघू की तवा?" त्यांचं खरं होतं. म्हणून एक वाजता ऑर्डर आली तर थांबावं लागेल, हेही गिऱ्हाइकाला आधी सांगायचं ठरलं.

दादाने दारात पाटी लावली, 'व्हीगन जेवण मिळेल'. आणि महिन्याभरात एक बाई चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. "याला दुधाची ॲलर्जी आहे. पाटी वाचून बरं वाटलं, आता निवांत जेवेल." वहिनी ताट वाढायलाही लागली होती.

मी थांबवलं. ॲलर्जी आणि दूध न पचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुधातली साखर न पचणाऱ्याला पोटाचा त्रास होतो. ॲलर्जीत शरीराची संरक्षणयंत्रणा दुधातल्या प्रथिनांवरच उलटते, आणि ती अगदी थोडी पोटात गेली तरी अंगावर गांधी, उलट्या, कधी श्वास अडकण्यापर्यंत वेळ येऊ शकते. तवा तापवला म्हणजे ती प्रथिनं नाहीशी झाली, असं धरून चालता येत नाही. व्हीगन ताटात आम्ही दूध घालत नाही, एवढंच आमची पाटी सांगत होती. त्याच ओट्यावर दिवसभर लस्सी फिरते, हे ती सांगत नव्हती.

मी त्यांना आत नेऊन ओटा दाखवला. त्या वैतागल्या. "मग पाटी कशाला लावता?" मुलाला भूक लागली होती, ते रडायला लागलं. समोरच्या टपरीवरून केळी घेऊन त्या निघून गेल्या. दादा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. "आलेलं गिऱ्हाईक घालवलंस." आजही त्याला तसंच वाटतं. पाटीखाली मात्र ओळ वाढली: 'भांडी वेगळी, स्वयंपाकघर एकच. ॲलर्जी असल्यास आधी बोला.'

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी तक्त्याआधी मुलांना एक काम दिलं. घरातल्या एका पळीवर दिवसभर नजर ठेवायची आणि ती कशाकशात गेली ते वहीत लिहायचं. एका मुलाने लिहिलं, 'आमची पळी आमटीतून ताकात, ताकातून कुत्र्याच्या भातात गेली. आई म्हणाली बाईंना सांगू नकोस.' तुम्हीही वर्गात करून बघा, पण वह्या पालकसभेत ठेवू नका!

ती मुलगी गेल्या दिवाळीत पुन्हा आली. मी आत जाऊन स्वतः विचारून आले, मग सांगितलं की आज पिठलं-भाकरी खा, घावणे नकोत, तवा दुसरीकडे लागलाय. ती पोटभर जेवली. वडिलांनी तिच्या ताटातलं पिठलं मागून घेतलं.

मागच्या रविवारी मी आत गेले तर उलथन्याचा लाल दोरा तुटून पडला होता आणि उलथनं बटरच्या डब्याशेजारी.

"मास्तर, हे बटरला लागलं का?"

त्यांनी थोडा विचार केला. "आठवत नाही बाई."

मी ते उचललं आणि घासायला टाकलं.