अर्धं दुपटं

माझ्या ट्रंकेत कायम दोन-तीन वाकळा अर्ध्या असतात. दुपारी भांडी झाली की ओसरीवर एखादी पसरायची. खाली-वर जुनं सुती लुगडं, मधे धोतराचे, परकराचे तुकडे. कडेनं धावदोरा सुरू करून चौकोनात फिरत फिरत मध्यावर यायचं. नायलॉनचं पातळ मी घेत नाही. सरकतं, घामही टिपत नाही.

एक दुपटं मात्र चार वर्षं तसंच पडून होतं. लेकीला सातवा लागला तेव्हा आईच्या लुगड्याचं शिवायला घेतलेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "अगं, बाळ यायच्या आधी शिवू नये." मी हसण्यावारी नेलं. मूल राहिलं नाही. डॉक्टरांनी कारण सांगितलं, पण माझ्या मनातलं काकूंचं बोलणं जाईना. सुई टोचलेली तशीच ते तळाशी घातलं.

यंदा दिवाळीला लेक आली. ट्रंक उपसताना नेमकं तिच्याच हाती लागलं. माझ्या काळजात धस्स झालं. तिनं उलटसुलट बघितलं न् म्हणाली, "आई, सुई गंजली की गं."

दुसरी सुई तिनंच ओवली. दोघी समोरासमोर बसलो.

"आता कुणासाठी?" मी भीतभीत विचारलं.

"काकूंना नातू झालाय ना परवा."

तिचे टाके लांब लांब पडत होते. मी एकही उसवला नाही.