सुईला मानवलेलं गाव

‘मी काय अलिबागहून आलोय?’ हा सवाल मुंबईकर आणि त्यांच्या आसऱ्याने राहणारे आम्ही ठाणे-डोंबिवलीकर वर्षानुवर्षं टाकत आलो आहोत. अर्थ असा, की मी एवढा भोळा नाही. एका अलिबागकराने या बोलण्यावर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालयाने २०१९ साली ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर.

त्या गृहस्थांबद्दल मला सहानुभूती आहे, कारण मी मानपाड्याचा. गाव सांगितलं की समोरचा विचारतो, “ठाण्याचं की डोंबिवलीचं?” डोंबिवलीचं म्हटलं की, “म्हणजे पोलीस ठाण्याजवळ?” जणू माझा मुक्काम आतच आहे! आमच्यावर अजून कुणी म्हण केलेली नाही. केली असली तरी कल्याण-शीळ रस्त्याच्या ट्रकांमुळे ती आम्हाला ऐकू आलेली नसणार.

आमच्या घरातली संभाषणं फार त्रोटक आहेत. “दूध?” “आणलं!” “गॅस?” “बंद!” पाहुण्यांना वाटतं, यांचं भांडण झालंय. भांडण नाही हो, खिडकी उघडी आहे! लांबलचक वाक्य बोलायला घ्यावं, तर क्रियापद येईपर्यंत मध्ये डंपर येतो.

बँकेत एल.एफ.सी. नावाची सोय असते. तिच्यावर लोक काश्मीर करतात, अंदमान करतात. मी मात्र मंगळवार-बुधवार साध्या रजेचा अर्ज टाकला आणि कारण लिहिलं, ‘अलिबाग’. शेजारच्या काउंटरवरचा आमचा मित्र म्हणाला, “जा बाबा, पण विचार कर. परत आल्यावर कुणी विचारलं, अलिबागहून आलास का, तर हो म्हणावं लागेल!”

पनवेल, पेण, वडखळ करीत एस.टी.ने आम्हाला उतरवलं. शनिवार-रविवारी इथे निम्मी मुंबई लोटते. मंगळवारी मात्र गाव गावकऱ्यांचं असतं. संध्याकाळी किनाऱ्यालगतच्या फरसबंद वाटेवर आम्ही एक बाकडं धरलं. समोर पाण्यात कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराने गाजवलेला. ओहोटी असली तर चालत जा, भरती असली तर होडी करा. किल्ला घाई करत नाही.

पहिली दहा मिनिटं मला फार जड गेली. पुढे सरकायला रांग नाही, पकडायला गाडी नाही, समुद्राच्या लाटांचं टोटल मारून टॅली करता येत नाही. आमची ही मात्र शांत बसली होती.

या गावची शांतता सरकारदरबारीसुद्धा नोंदलेली आहे. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजदाद चाले. पुढे शहरात विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या त्या गडबडीत सुईला पृथ्वीचं म्हणणं कळेना झालं असतं. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख डॉ. मूस यांनी जागा शोधली आणि १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. इमारतीत लोखंड म्हणून वापरलं नाही. दगडसुद्धा पारखून घेतला. दोन वर्षं दोन्हीकडे जोडीने नोंदी ठेवल्या. आमच्याकडे चार्ज देताना-घेताना दोघांच्या सह्या होतात ना, तसंच! मगच कुलाब्याचं खातं बंद केलं. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली.

म्हणजे पाहा, ज्या गावाला आपण बावळट ठरवलं, त्याच गावावर शास्त्रज्ञांनी सुईचा भरवसा टाकला. पृथ्वी फार हळू बोलते. ते टिपायचं तर आधी बाकीच्यांनी गप्प बसावं लागतं.

अंधार पडता पडता आम्ही उठलो आणि त्या वाटेने चालू लागलो. बाजूने बारीक आवाज येत होता. मला वाटलं, कुणाचा तरी रेडिओ लागलाय. पाहतो तर ही गुणगुणत होती. सूर चांगला होता.

“तू गातेस?” मी विचारलं.

“रोजच की,” ती म्हणाली. “सकाळी तुमचा डबा भरताना.”

अठरा वर्षं डबा मी नेमाने नेतोय. त्याच्याबरोबरची ही रक्कम माझ्या खात्यावर कधी जमाच झाली नव्हती! मध्ये ट्रक होते.

मुंबईची ट्राम १९६४ साली कायमची बंद झाली. तरी सुई काही परत मुंबईला गेली नाही. ती शहाणी. आम्हाला गुरुवारी बँक होती. पण आता मानपाड्याला सकाळी मी पाच मिनिटं स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतो. उकडतं. पण ऐकू येतं.