ताबा कुणाचा, परवाना कुणाचा

रायगडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या दिघीत बंदुकीचा विषय निघाला की गप्पा 1993 वर जातातच. त्या वर्षी जानेवारीत आमच्या जेट्टीवर आणि फेब्रुवारीत शेखाडीला हत्यारं उतरली, मार्चमध्ये मुंबईत स्फोट झाले आणि गावाचं नाव कोर्टाच्या कागदांत गेलं ते गेलंच. त्यामुळे पोरांबरोबरच्या अभिरूप न्यायालयासाठी, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्यासाठी, मी बंदुकीचं प्रकरण निवडलं, तेव्हा पहिला विरोध घरातूनच झाला. "दुसरं काही सुचेना का तुला?" आई म्हणाली.

मला त्या हत्यारांबद्दल बोलायचं नव्हतं. कोकणात शेतसंरक्षणासाठी परवान्यावर बंदुका देतात. डुकरं भातात शिरतात, वानरं वाडीत. आम्ही रचलेला खटला एवढाच: परवाना आजोबांच्या नावाचा, आजोबा वारले, बंदूक माळ्यावर तशीच राहिली. नातवाने एका रात्री बार काढला आणि शेजाऱ्याने पोलिसांत कळवलं.

हे ठरलं तेव्हा निसर्ग वादळ 3 जून 2020 ला येऊन गेलं होतं, त्यात कोरोना. पोरं मुंबईत, पुण्यात, काही आखातात. खरी न्यायालयंच व्हिडिओवर चालत होती, मग आमचं का नको? न्यायाधीश म्हणून अलिबागचे एक निवृत्त वकील मिळाले. मुद्देमालासाठी खरी बंदूक काय, तिचा फोटोही वापरायचा नाही, हे मी आधीच ठरवलं. छत्रीच्या दांड्याला गोणपाट गुंडाळून त्यावर चिठ्ठी लावली, लाखेऐवजी मेणबत्तीचं मेण ओतलं.

बचाव पक्षाच्या मुलीने नेमकं त्या मेणावर बोट ठेवलं. "पंचनाम्यात सील लिहिलंय. साक्षीदार, सील तुमच्यासमोर लावलं का?" पंच झालेला पोरगा जेट्टीवर रेंज शोधत उभा होता, मागे आगरदांड्याची फेरी लागत होती. तो म्हणाला, "साहेब, मी नुसती सही केली." सरकारी वकील झालेल्याने कपाळाला हात लावला. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. एका साक्षीदाराची नजर सारखी उजवीकडे जाऊ लागली, तशी न्यायाधीशांनी फोन खोलीभर फिरवायला लावला. पलंगावर त्याचा मामा कागद धरून बसलेला!

खरा वाद झाला ताब्यावर. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 3 प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला कलम 25 खाली किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. "बंदूक घरात आहे हेच मला माहीत नव्हतं," असं आरोपीचं म्हणणं. तेव्हा 1993 च्या स्फोटांच्या खटल्यातल्या अभिनेता संजय दत्तचं नाव निघालं. त्याच्याच याचिकेवर 1994 मध्ये घटनापीठाने सांगितलं होतं की टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो. पुढे तो टाडातून सुटला, पण शस्त्र कायद्यात अडकला आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पाच वर्षांवर आणली. हे ऐकून एक चाचा मध्येच बोलले, "तेव्हा आमच्या गावच्या पोरांची चौकशी..." न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं. मला वाईट वाटलं, पण थांबवणं बरोबर होतं. 1993 मध्ये हत्यारं उतरली त्याचा न्याय आम्हाला करायचा नव्हता.

आमच्या आरोपीने बार काढला होता, म्हणजे माहीत नव्हतं हा बचाव टिकेना. तरी तो सुटला. कलम 39 प्रमाणे अशा खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते आणि सरकार पक्षाने ती जोडलीच नव्हती. बंदूक मात्र सरकारजमा करण्याचा आदेश झाला. सरकार पक्षाची पोरं चिडली. "एका कागदावर सुटला?" हो, कागदावरच. आणि अडकला होता तोही कागदापायीच.

दुसऱ्या दिवसापासून मला फोन येऊ लागले, तेही हळू आवाजात: "आमच्याकडे पण वडिलांची आहे, काय करावं?" सगळ्यांना एकच सांगतो. परवानाधारक वारला की बंदूक विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पोच घ्या आणि मगच वारस म्हणून अर्ज करा. धारकाने सत्तरी गाठली असेल किंवा बंदूक 25 वर्षं बाळगली असेल, तर 2016 च्या नियमांप्रमाणे त्याच्या हयातीतच वारसासाठी अर्ज करता येतो. माळा आजच बघून घ्या.