आमची मैना बोलते तेव्हा

संध्याकाळी धुळ्याहून येणाऱ्या एस.टी.तून आम्ही सोनगीरला उतरतो. गल्लीत पाऊल टाकले की आमच्या दाराआडून ओरडा सुरू होतो. उशीर का झाला, पिशवीत काय आहे, सगळी चौकशी एका दमात. ही चौकशी सौ. करीत नाहीत, मैना करते. मैना म्हणजे आमची सयामी मांजर.

तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या भाच्याची बदली झाली आणि दोन महिन्यांचे हे पिल्लू टोपलीतून आमच्याकडे आले. तिच्याकडे जातीचा दाखला नाही आणि आम्ही तो मागितलाही नाही. अंग बिस्किटाच्या रंगाचे, डोळे निळे, तोंड, कान, पाय व शेपूट मात्र काजळी. 'हिने चुलीत तोंड घातले होते का?' असे गल्लीतली मुले विचारीत. खरे कारण गमतीचे आहे. या मांजरांच्या अंगात काळा रंग तयार होतो तो फक्त थंड भागांवर. म्हणून पिल्ले जन्मतः जवळजवळ पांढरी असतात आणि पुढे कान, शेपूट असे गार राहणारे अवयव काळवंडतात.

ही जात सयामची, म्हणजे १९३९ साली ज्याचे नाव थायलंड झाले त्या बौद्ध देशाची. १८८४ मध्ये बँकॉकच्या ब्रिटिश वकिलातीतील गोल्ड नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या बहिणीसाठी एक जोडी इंग्लंडला नेली, असे सांगतात. तिथून ती जगभर गेली. आवाजासाठी ती प्रसिद्ध. आमच्या मायने पहिल्याच रात्री विचारले, "हाई मांजर शे का तान्हं पोर शे?"

मैना सहा महिन्यांची झाली आणि रात्रीचे आक्रंदन सुरू झाले. जमिनीवर लोळायचे, दाराला धडका द्यायच्या आणि पहाटेपर्यंत रडायचे. शेजारचे म्हातारे बाबा तेव्हा आजारी होते. मांजर रडले की घरातले माणूस जाते, असे म्हणत चार जण आमच्या ओट्यावर आले. हिला हायवेवर नेऊन सोडा, म्हणाले. अंधश्रद्धेवर तासभर भाषण देणारे आम्ही. पण रात्री अडीच वाजता तो सूर ऐकून आमच्याही पोटात गोळा येई. शेवटी एका रात्री तिला पिशवीत घातले आणि आग्रा रोडवर गेलो. इंदूरकडे जाणारे ट्रक धडधडत होते. पिशवीचे तोंड सोडायला वाकलो, तर आतून ती अगदी हळू, एकदाच बोलली. संध्याकाळी दारात बोलते तशी. आम्ही तसेच परत फिरलो. सौ. दारात उभ्या होत्या, काही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला धुळ्याला पशुवैद्यांकडे नेले. ते हसले. म्हणाले, "रडत नाही हो, माजावर आली आहे. बोका मिळेपर्यंत दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा हेच." गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन झाले, रेबीजची लसही टोचली. रात्री शांत झाल्या. बाबांची तब्येत मात्र ऑपरेशनच्या आधीच सुधारली होती. अजून ते ओट्यावर बसून बिडी ओढतात.

ऑपरेशनसाठी पोटावरचे केस काढले होते. थंडीचे दिवस होते, तिथे नवे केस काळे उगवले. डॉक्टरने डाग दिला म्हणून माय रागावली. उघडी कातडी गार पडली म्हणून तसे झाले, हे तिला पटले नाही. पुढे ते केस झडून बिस्किटी आले तेव्हा कुठे पटले.

खाण्यापिण्याचे म्हणाल तर उकडलेली मासळी, कोंबडी, कधी अंडे. कांदा-लसूण अजिबात नाही. दुधाने तिला जुलाब झाले, ते बंद केले. आणि वाचकहो, ताप वाटला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. अर्ध्या गोळीनेही ती दगावू शकते.

पण या जातीला सगळ्यात लागते ती सोबत. दोन वर्षांपूर्वी शिबिरासाठी आम्ही सारे तीन दिवस बाहेर होतो. शेजारीण वाटीत खाणे ठेवून जाई. परत आलो तर दाराआडून आवाज नाही. मैना कपाटावर बसलेली, मागच्या पायाचे केस चाटून चाटून काढलेले, कातडी लाल. दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही. मोठी मांजरे आपसात फारसे म्याव म्याव करीत नाहीत, ते बोलणे मुख्यतः माणसासाठी असते, हे आम्ही नंतर वाचले. तिने बोलणे का थांबवले, ते मग वेगळे सांगावे लागले नाही.

आता बाहेर जायचे तर एक जण घरी थांबतो. गेल्या रविवारी पाळी मायची होती. रात्री परतलो तेव्हा दाराआडून दोन आवाज येत होते, एक मैनेचा आणि एक मायचा, आणि दोघींपैकी कोणीही थांबायला तयार नव्हते.