दहा पौंडांचं घर

लंडनहून लुईस, तिथं गाडी बदलून बर्विक आणि पुढं ससेक्सच्या हिरव्या टेकड्यांमधून पायीच ॲल्फ्रिस्टन. ककमेर नदीच्या काठी, सेंट अँड्र्यूज चर्चला खेटून पाद्र्यांचं जुनं घर उभं आहे. मी मराठवाड्यातल्या सास्तूरचा, घर म्हटलं की नजर आधी भिंतीकडं जाते.

आणि भिंत कुडाची निघाली! आपल्याकडं तुराट्यांचा कूड शेणमातीनं लिंपतात, तसाच ओकच्या चौकटीत कामट्या बसवून चिखल थापलेला. भार सगळा लाकडावर, भिंत नुसता आडोसा. वर गवतानं शाकारलेलं जाड छप्पर. मधलं दालन थेट आढ्यापर्यंत मोकळं, कारण चौदाव्या शतकात घर बांधलं तेव्हा धुराडं नव्हतंच. आगटी दालनात, धूर छपरातून बाहेर. जमीन खडूच्या दगडाचा चुरा चोपून केलेली, वर आंबलेल्या दुधाचा हात. आमच्या आज्यांनी विचारलं असतं, सारवायला शेण मिळत नव्हतं का?

सास्तूरच्या माळवदातही भार लाकडी खणांवरच असायचा. पण भोवती दोन-दोन फुटांच्या दगडमातीच्या भिंती, डोक्यावर मातीचा थर. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र सरताना, पहाटे ३.५६ ला जमीन हलली. कितीतरी घरांत खांब जागेवर राहिले आणि भिंती झोपलेल्यांवर आल्या. लातूर-उस्मानाबादेत मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. मग दगडाचीच धास्ती बसली आणि सिमेंट आलं. उभ्या राहिलेल्या त्या खांबांकडं जरा नीट बघायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

ॲल्फ्रिस्टनचं हे घरही जाणारच होतं. मोडकळीला आल्यावर चर्चला ते नकोसं झालं, पाडायचं ठरलं. गावचेच पाद्री बायनन आडवे आले. जुन्या वास्तू जपण्यासाठी १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टनं १८९६ मध्ये ते १० पौंडांना घेतलं. ट्रस्टची ही पहिलीच वास्तू. दुरुस्तीला मात्र त्याच्या कितीतरी पट पैसा लागला, तो ट्रस्टच्या एक संस्थापक ऑक्टेव्हिया हिल यांनी लोकांकडं मागितला. आल्फ्रेड पॉवेल या वास्तुविशारदानं काम केलं.

दालनातल्या तुळईजवळ ओकचं पान कोरलंय. ट्रस्टचं बोधचिन्ह त्यावरूनच घेतलं म्हणतात. मला ते फारसं पटलं नाही; ओकचं पान काय, ससेक्समध्ये कुठंही सापडेल.